कातळाचा स्वभाव

पुसद हे पूस नदीच्या काठी वसलेले गाव होय. या भागात विहीर खणू लागले म्हणजे मातीखाली मुरूम लागतो व त्याखाली काळा कातळ. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाव्हारसाचे थरांवर थर साचून हा कातळ बनला. त्यास बेसाल्ट म्हणतात. सह्याद्रीही याच पाषाणाचा घडलेला आहे.

सह्याद्रीत कोयना नदीवर मोठे धरण आहे. त्याचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस उतरते आणि पोफळी येथे डोंगर कोरून केलेल्या वीजगृहातील चक्रे फिरविते. तेथे १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. या विजेसाठी कोळसा जाळावा लागत नाही. त्यामुळे पृथ्वीचे तापमान वाढविणारा कार्बन डायऑक्साइड वायूही टळतो.

परंतु ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा परिसर भूकंपाने हादरला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरण उभे राहिले, पण त्यास तडे गेले. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढे धरण भक्कम करण्यात आले. तथापि एक प्रश्न उरला. घरोघरी प्रकाश देणारे हे पाणीच जमीन हलवीत असेल काय?

याचे उत्तर कातळातच शोधावे लागले. खोलवरच्या खडकास भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजू ताणाखाली असूनही घर्षणामुळे जागच्या जागी राहतात. जलाशयाचे पाणी भेगेत झिरपले, की आतील दाब वाढतो, घर्षणाची पकड सैल होते आणि खडक एकाएकी सरकतो. ताण पूर्वीचाच असतो. पाणी केवळ निमित्त होते.

हे नीट पारखण्यासाठी कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ साली सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. भूकंपाची घटका अद्याप आधी सांगता येत नाही. पण खडक का सरकतो, हे अधिक उमगू लागले आहे.

हे ज्ञान अन्यत्रही उपयोगी पडते. आइसलंडमध्ये २०१२ पासून कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात. तेथे त्याचा दगड बनतो. मात्र पाणी दाबाने आत सोडावयाचे, तर कातळ किती सोशील हे आधी जाणले पाहिजे. निसर्गाची शक्ती वापरणाऱ्याने त्याचा स्वभावही ओळखावा, हाच कोयनेचा धडा होय.

स्वाध्याय
१. भेगेत पाणी झिरपल्यावर खडक का सरकतो?
२. आपल्या गावातील विहिरीत कोणकोणते थर दिसतात, ते पाहून लिहा.