मेकफाइलमधला लूप काढण्याची कृती

गारखेड्यात खोली करून राहणाऱ्या, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जुळवत असलेल्या मुलामुलींसाठी ही कृती आहे. समजा, प्रोजेक्ट म्हणजे आपल्या जिल्ह्याची वेबसाइट. तालुके ९, प्रत्येकाची एक मार्कडाउन फाइल, आणि पॅनडॉकने तिचं एचटीएमएल पान करायचं. संगणकावर जीएनयू मेक आणि पॅनडॉक असलं की पुरे.

१. आधी जुना लूप नीट बघा. बहुतेक जण ‘सगळे’ असं एकच टार्गेट करून त्याखाली शेलचा फॉर लूप लिहितात. आता सिल्लोडच्या फाइलच्या डोक्यावर जो यॅमल मजकूर असतो, त्यात शीर्षकाचं शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं असं धरा. पॅनडॉक एरर देतो, पण लूप थांबत नाही. सोयगाव करतो, वैजापूर करतो. शेल मेकला फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल कळवतं. वैजापूर नीट झालं, म्हणून मेकच्या लेखी सगळं नीट! शिवाय पैठणच्या फाइलमधला एक शब्द बदलला तरी नऊच्या नऊ पानं पुन्हा होतात.

२. लूप पुसा. वाइल्डकार्डने मार्कडाउन फाइलींची यादी घ्या, पॅटसब्स्टने तिच्यातून एचटीएमएल नावांची यादी करा आणि ‘सगळे’ त्या यादीवर अवलंबून ठेवा.

३. आता एकच पॅटर्न नियम लिहा: डावीकडे % आणि एचटीएमएलचं एक्स्टेन्शन, विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं, उजवीकडे % आणि मार्कडाउनचं. त्यापुढे टेम्प्लेटचं नाव. हा क्रम बदलू नका, कारण $< मध्ये पहिलीच फाइल येते. खालची ओळ टॅबने सुरू करा, स्पेसने नाही. तिथे पॅनडॉकला टेम्प्लेट सांगा, $< वाचायला द्या आणि $@ मध्ये लिहायला सांगा.

४. मेक चार कामं एका वेळी चालवा, म्हणजे जे पर्यायापुढे ४. लूप असताना हे जमत नव्हतं, कारण मेकला सगळं एकच काम दिसत होतं.

मग बिल्ड टूलमध्ये लूप असावा का? यादी तयार करण्यापुरता जरूर असावा. मेसनमध्ये फॉरईच आहे तो टार्गेटं मांडण्यासाठी, आणि ते योग्यच आहे. निंजात लूप नाही. त्याच्या फाइली दुसऱ्या टूलने लिहाव्यात अशीच त्याची रचना आहे. पण प्रत्यक्ष कामाभोवती लूप घातला, की कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे टूलपासून लपतं. १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं ते नेमकं हेच टूलला कळावं म्हणून.

५. शेवटी पैठणची फाइल बदलून साठवा आणि मेक चालवा. पडद्यावर पॅनडॉकची एकच ओळ दिसली पाहिजे. टेम्प्लेट बदललं तर नऊ.