बुचाचा ओक वृक्ष

बाटलीचे बूच सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ते झाडाची साल होय, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांच्या ज्या झाडास बुचाचे झाड म्हणतात, त्याच्या सालीचे बूच हलक्या प्रतीचे होते. खरे बूच देणारा ओक निराळ्या कुळातील असून पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया इत्यादी पश्चिम भूमध्य प्रदेशांत वाढतो. जगातील सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमध्ये निघते.

त्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. तरीही हा वृक्ष बारमाही हिरवा राहतो. पाने लहान, चिवट, वरून गर्द हिरवी व खालून करडी लवदार असल्यामुळे पाण्याचा व्यय कमी होतो. वाटीत बसविल्यासारखी दिसणारी फळे डुकरांना चारतात. चुनखडीची जमीन या झाडास मानवत नाही. सालीच्या पेशींत हवा कोंडलेली असल्याने वणव्याची आच आतील जिवंत भागास सहसा पोहोचत नाही व होरपळलेल्या फांद्यांना पुन्हा पालवी फुटते.

झाड सुमारे 25 वर्षांचे होऊन छातीच्या उंचीवर खोडाचा घेर 70 सेंटिमीटर झाल्यावाचून साल काढीत नाहीत. पुढे दोन सोलणींत निदान 9 वर्षांचे अंतर ठेवणे पोर्तुगालच्या कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या दोन सोलणींची साल बाटलीच्या बुचास चालत नाही. तिचा भुगा करून तक्ते बनवितात. चांगली साल तिसऱ्या खेपेस, म्हणजे झाड 43 वर्षांचे झाल्यावर मिळते. लावणाऱ्याच्या हाती बहुधा आरंभीची हलकी सालच लागते. खरे उत्पन्न मुलानातवांचे.

मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत साल सहज सुटते. कुऱ्हाडीने उभी चीर देऊन दांड्याच्या पाचरीसारख्या टोकाने ती उचकटतात. घाव आतील जिवंत थरात गेला, तर तेथे पुन्हा चांगली साल येत नाही. म्हणून हे काम मुरलेल्या माणसाकडेच देतात आणि त्याची मजुरीही शेतीतील इतर कामांहून पुष्कळ अधिक असते. ती वाचविण्यात शहाणपण नाही. सोललेल्या तांबूस खोडावर वर्षाचा शेवटचा अंक रंगवितात. 2024 साली सोललेल्या झाडावर 4 हा अंक दिसेल.

झाडाखाली गुरे चारण्याची व धान्य घेण्याची जुनी चाल आहे. तेथे खोल नांगरट केल्यास वरची मुळे तुटतात, उगवलेली रोपे नाहीशी होतात, आणि मुळे कुजविणारी बुरशी अवजारांना चिकटलेल्या मातीबरोबर निरोगी झाडांपर्यंत जाते.