भरतपूरला जाताय? आधी पाण्याची चौकशी करा

केवलादेव राष्ट्रीय उद्यानाला पोचणं सोपं: कोटा-मथुरा मार्गावर भरतपूर जंक्शन, तिथून रिक्षा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मात्र तिकिटं काढण्याआधी तिथल्या लॉजवाल्याला फोन लावा आणि यंदा पाणी किती आलंय ते विचारा. हे २९ चौरस किलोमीटरचं पाणथळ आपोआप भरत नाही. भरतपूरच्या राजांनी शिकारीसाठी बांध घालून ते घडवलं. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. उद्यानातल्या केवलादेवाच्या देवळाजवळच्या शिळेवर तो आकडा अजून मिरवतोय! अजान बांधातून येणारं गंभीर नदीचं पाणी वर पांचना धरणात अडू लागल्यापासून तळी कोरडी पडायला लागली. मग चंबळची पाइपलाइन आणि गोवर्धन नाला मदतीला आले.

आम्ही गेलो तेव्हा जानेवारी होता आणि धुकं इतकं की रिक्षावाल्याच्या पाठीपलीकडे काही दिसेना. आमच्या पुढे ‘रिअल ट्रेकर’ छापलेले टी-शर्ट घालून एक कंपू आला होता. ‘इथे काहीच नाही’ म्हणत तो अर्ध्या तासात परतला; वेफर्सची पाकिटं तेवढी बांधावर ठेवून गेला. आमच्या रिक्षावाल्या सरदारजींनी रिक्षा कडेला घेतली. "रुकिए, अभी बोलेंगे." आणि खरंच, आधी अडई बदकांच्या शिट्ट्या आल्या, मग वारकरी पक्ष्यांची कुरकुर, मग अगदी जवळून सारसांची जोडी. नराची एक लांब हाक, तिच्यावर मादीच्या दोन आखूड. सरदारजी बोटाने ताल मोजून कोण नर, कोण मादी ते सांगत होते. दहाच्या सुमारास धुकं फाटलं, तर समोरच्या बाभळीवर चित्रबलाकांची मळकट रंगाची पिल्लं आणि खाली विष्ठेचा उग्र दर्प. उन्हाला बिळाबाहेर आलेला अजगरही दिसला. सेल्फीसाठी त्याच्याजवळ जाणाऱ्यांना काय म्हणावं!

इथे फिरताना म्हशींचीही गोष्ट विचारा. १९८२ मध्ये चराईबंदी झाली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) दीर्घ अभ्यासात दिसलं, की म्हशी गेल्यावर गवत माजून उघडं पाणी बुजलं आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. माणूस आणि गुरं बाहेर काढली की जंगल वाचतं, हे गणित पाणथळीला तरी लागू पडत नाही. सैबेरियन क्रौंच मात्र २००२ नंतर इथे आलेच नाहीत. त्यांच्या वाटेवर अफगाणिस्तानसारखे देश होते, तिथली शिकार भरतपूर थोडीच थांबवणार?

उद्यानातल्या शांतिकुटीरच्या पुढे मोटार नेता येत नाही. पायी, भाड्याच्या सायकलीवर किंवा सायकलरिक्षातून जा. त्यातही रिक्षाच घ्या, कारण इथल्या कित्येक रिक्षावाल्यांनी पक्षिओळखीचं प्रशिक्षण घेतलंय. सकाळभराची ठरवा, तासाच्या दरावरून घासाघीस नको. धुकं दिसलं म्हणून नाश्त्याला हॉटेलवर परतू नका. थर्मास आणि कानटोपी सोबत असू द्या.