तक्त्याची शीर्षओळ आणि रंगांची उतरण

तक्ता वाचणाऱ्याची नजर वारंवार शीर्षओळीकडे वळते, कारण खालच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ तेथे सांगितलेला असतो. शीर्षओळीला रंग द्यावयाचा तो एवढ्याचसाठी की ती चटकन सापडावी. रंगामुळे तीच वाचता येईनाशी झाली, तर मूळ प्रयोजनच नष्ट होते.

विकी म्हणजे वाचकांना स्वतः संपादन करता येईल असे संकेतस्थळ. वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी १९९५ मध्ये सुरू केला. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ मधला. अशा पानावर एका कंपनीच्या वाटचालीचा तक्ता करावयाचा आहे, असे समजू. बंगळूरच्या सर्जापूर रोडवर जिचे मुख्यालय आहे, ती विप्रो मूळची खानदेशातील अमळनेरची. १९४५ मध्ये 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नावाने ती स्थापन झाली; १९७७ मध्ये 'विप्रो प्रॉडक्ट्स' आणि १९८२ मध्ये 'विप्रो लिमिटेड' अशी तिची नावे झाली. तक्त्याचे तीन स्तंभ असे : वर्ष, नाव, मुख्य घटना.

पानाचा मजकूर आणि त्याचे रूप वेगळे ठेवणाऱ्या नियमभाषेला सीएसएस म्हणतात. हाकोन व्हियुम ली यांनी ती १९९४ मध्ये सुचविली. एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणाऱ्या पार्श्वभूमीला या भाषेत ग्रेडियंट असे नाव आहे. पूर्वी यासाठी रंगीत चित्राची बारीक पट्टी करून ती पुनःपुन्हा जोडीत. आता दिशा, आरंभीचा रंग आणि शेवटचा रंग एवढे सांगितले की पुरते. मधल्या छटा संगणक स्वतः काढतो. दिशा न सांगितल्यास उतरण वरून खाली होते.

प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन घटकांच्या ० ते २५५ या मापांनी लिहितात. समजा, वर गडद निळा (०, ०, १२८), खाली आकाशी (१३५, २०६, २३५) आणि अक्षरे पांढरी ठेवली. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील भेदाचे एक मान्य गुणोत्तर आहे. साध्या आकाराच्या मजकुरासाठी ते निदान ४.५ असावे असा संकेत आहे. वरच्या कडेला ते १६ भरते, खालच्या कडेला जेमतेम १.७. परिणामी शिरोरेखा ठसठशीत दिसते, पण 'मुख्य' या शब्दातील उकार फिकट पडू लागतो. खालच्या रंगाऐवजी (०, ९०, १६०) घेतला, तर तेथेही गुणोत्तर सुमारे ७ राहते आणि उतरणही कायम राहते. म्हणून उतरणीची परीक्षा तिच्या सर्वांत दुबळ्या जागी करावी.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नियम प्रत्येक शीर्षघराला लावल्यास उतरण घराघरात नव्याने सुरू होते. डावीकडून उजवीकडे जाणारी उतरण त्यामुळे तीन तुकड्यांत दिसते, तर वरून खाली जाणारी सलग भासते. दुसरे, पार्श्वभूमीबरोबर अक्षरांचा रंगही नेहमी लिहावा. नाहीतर वाचकाने काळोखी रूप निवडल्यास अक्षरांचा रंग बदलतो आणि पार्श्वभूमी तशीच राहते. तिसरे, ज्यांना उतरण दाखविता येत नाही अशा जुन्या साधनांसाठी एक साधा सपाट रंग आधी नोंदवावा.

मात्र केवळ रंग दिल्याने एखादी ओळ शीर्षओळ होत नाही. विकीच्या लेखनपद्धतीत शीर्षघराआधी उद्गारचिन्ह लिहितात. त्या चिन्हामुळेच दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेला कळते की १९४५ हा आकडा 'वर्ष' या शीर्षकाखालचा आहे. रंग सर्वांपर्यंत पोहोचत नाही. ही खूण मात्र पोहोचते. म्हणून आधी खूण करावी, मग रंग भरावा.