पाण्याच्या वेळेवर चालणारा धंदा



दुकानातला माल आज विकला नाही तर उद्या विकता येतो. पण काही धंद्यांत न विकलेला माल त्याच दिवशी संपतो. रिकामी गेलेली बसची जागा किंवा रिकामी राहिलेली लॉजची खोली पुन्हा विकता येत नाही. आजच्या पाठासाठी आम्ही असाच एक धंदा निवडला आहे. रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळ कुंडलिका नदीवर मुंबई-पुण्याची माणसे एका दिवसासाठी येतात, हवेच्या रबरी राफ्टमध्ये बसून वल्हे मारतात आणि संध्याकाळी घरी परततात. रोहा, माणगाव, म्हसळा या भागात राहणाऱ्या आपल्या बंधूंच्या हा धंदा अगदी दारात आहे.

पाणी कोठून येते?

सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या बहुतेक नद्या पावसाळा सरला की आटतात. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही वाहते, कारण तिच्यात दुसऱ्या नदीचे पाणी येते. मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी एरवी पुण्याकडे, म्हणजे पूर्वेला गेले असते. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवून सुमारे 500 मीटर खाली भिरा येथील टाटांच्या वीजघरात सोडले जाते. हे वीजघर 1927 पासून चालू आहे. या धरणात मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि त्याविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला, हेही लक्षात ठेवावे. हे पाणी फुकटचे नाही. त्याची किंमत कोणीतरी आधीच मोजलेली आहे.

वीज तयार झाल्यावर हे पाणी खालच्या धरणातून नदीत येते, साधारणपणे सकाळी. काही तास नदी भरून वाहते, मग पातळी उतरते. राफ्ट या पाण्याबरोबर निघाली तर सुमारे बारा किलोमीटरचा प्रवास दोन-अडीच तासांत होतो. उशीर झाला की खडक वर येतात आणि राफ्ट ओढत न्यावी लागते.

म्हणजे या धंद्याचा कच्चा माल धंदेवाल्याच्या हातात नाही. पाणी वीज आणि शेतीच्या गरजेप्रमाणे सुटते, गिऱ्हाइकाच्या सोयीप्रमाणे नाही. म्हणून पहिला धडा असा: ज्याचा माल दुसऱ्याच्या वेळेवर येतो, त्याने आपली वेळ सर्वात काटेकोर पाळावी. मुंबईहून निघालेली गाडी महामार्गावर अडकली, तर पाणी तिच्यासाठी थांबत नाही. हे पैसे घेण्याआधीच स्पष्ट सांगावे, पैसे घेतल्यावर नव्हे.

हिशोब कसा मांडावा?

खालचे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा एका राफ्टमध्ये आठ गिऱ्हाइके बसतात आणि प्रत्येकी भाडे 1,000 रुपये आहे. नाश्ता, विमा आणि दलाली मिळून प्रत्येक गिऱ्हाइकामागे 250 रुपये जातात. हाती उरतात 750. आता गाइडची मजुरी, राफ्ट वरच्या टोकाला नेणारी गाडी, बचावासाठी सोबत चालणारा कयाकवाला आणि राफ्टची झीज यांचा एका फेरीचा खर्च 4,500 रुपये धरू. हा खर्च गिऱ्हाईक एक असो वा आठ, होणारच.

4,500 ला 750 ने भागले की 6 येतात. सहा गिऱ्हाइके बसली तर ना नफा ना तोटा. आठ बसली तर 1,500 रुपये नफा, आणि चारच बसली तर 1,500 रुपये तोटा.

चारच गिऱ्हाइके असताना काय करावे? शेजारच्या व्यावसायिकाकडे चार जागा रिकाम्या असतील तर दोघांनी मिळून एकच राफ्ट भरावी आणि हिशोब वाटून घ्यावा. बाजारपेठेत शेजारचे दुकान हा प्रतिस्पर्धी असतो. नदीवर तो अडचणीतला सोबतीही असतो, कारण आपली राफ्ट उलटली तर पहिला दोर त्याच्याच राफ्टमधून येणार आहे.

नववे गिऱ्हाईक

आता खरी परीक्षा पाहा. एका कुटुंबातली नऊ माणसे आली आहेत, राफ्ट आठांची आहे. नववा मुलगा रडवेला झाला आहे. वडील म्हणतात, "त्याचेही पूर्ण पैसे घ्या, पण बसवा." पाणी सुटले आहे, वेळ निघून चालली आहे. हिशोबाच्या वहीत नववे गिऱ्हाईक म्हणजे सरळ 750 रुपयांचा जादा नफा. फेरीचा नफा दीडपट होतो.

तरीही उत्तर "नाही" हेच आहे. नदीच्या अवघडपणाच्या जागतिक मोजणीत एक ते सहा अशा श्रेणी आहेत. कुंडलिकेचा हा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत येतो, म्हणजे खळाळ सौम्य ते मध्यम. सौम्य पाण्याचा धोका हा की ते पाहून माणूस गाफील होतो. जादा माणूस बसला की राफ्ट जड होते, वळायला वेळ लागतो, आणि नवव्याला पाय अडकवायला नीट जागा मिळत नाही. कोणी पाण्यात पडलाच, तर त्याने वाहत्या पाण्यात उभे राहू नये. पाय दोन दगडांत अडकला तर गुडघाभर पाणीही माणसाला खाली दाबते. पाठीवर पडून, पाय पुढे आणि वर ठेवून वाहत जावे. समुद्रावर होडी वल्हवणारे आमचे कोकणी बंधू पाण्याला घाबरत नाहीत, ही मोठी पुंजी आहे. पण नदीची ही शिस्त त्यांनाही वेगळी शिकावी लागते.

अशा मुलासाठी दुसऱ्या राफ्टमध्ये जागा शोधावी. नसेल तर त्याच्या घरातील एक मोठे माणूस त्याच्यासोबत काठावर राहील आणि दोघांचे पैसे परत जातील. त्या दिवशी 1,500 ऐवजी 750 रुपये हाती लागतील. हा तोटा समजू नये. ज्या माणसाने पैसे समोर असताना "नाही" म्हटले, त्याच्या "हो"वर लोक विश्वास ठेवतात, आणि या धंद्यात विकायला खरे तर तेवढेच असते.

कारागिरांसाठी काम

राफ्ट विकत घेण्याइतके भांडवल सर्वांकडे नसते. पण या नदीच्या काठी हाताच्या कामाला वाव आहे.

पंक्चर काढणाऱ्यांनी राफ्टची दुरुस्ती शिकावी. जागा द्रावकाने पुसून, काचकागदाने घासून, ठिगळ आणि राफ्ट दोन्हीला दोन भागांचे चिकट द्रव्य लावून, वाळवून, दाबून चिकटवायचे. हवा भरण्याची घाई करायची नाही. हायपालॉन आणि पीव्हीसी या दोन कापडांना वेगवेगळे चिकट द्रव्य लागते. चुकीचे लावले तर ठिगळ भर पाण्यात सुटते.

शिंप्यांनी बचाव जाकिटांकडे पाहावे. शिवणीला पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा घ्यावा, सुती दोरा ओलीने कुजतो. आतला फोम दबला असेल तर नुसती शिवण नवी करून उपयोग नाही. प्रौढांच्या अशा जाकिटाला किमान 15.5 पौंड, म्हणजे सुमारे 7 किलो तरंगशक्ती हवी, असा अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा दंडक आहे. तो तपासायला तराजूतली वजने पुरतात. लोखंडाचे 8 किलो वजन पाण्यात सुमारे 7 किलोच भरते. ते जाकिटाला बांधून हौदात सोडावे. जाकीट बुडाले तर ते बाद. मालकाने "आणखी एक हंगाम चालेल" म्हटले तरी त्यावर आपली शिवण घालू नये.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्याप्रमाणे अशा धंद्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. भागीदारीत उतरणाऱ्यांनी नोंदणी, विमा आणि गाइडचे प्रशिक्षण यांचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरावा.

या आठवड्याचा अभ्यास

आपल्या धंद्यात संध्याकाळी संपून जाणारा माल कोणता, ते वहीत लिहा. गिऱ्हाईक येवो न येवो, रोज होणारा खर्च किती आणि तो भरून काढायला किती गिऱ्हाइके लागतात, ते काढा. शेवटी आपल्या धंद्यातले "नववे गिऱ्हाईक" कोणते, हे स्वतःलाच विचारा. ते समोर येण्याआधी उत्तर ठरलेले असावे. पाणी सुटल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.