स्थळपाहणीवाचून

महसूल खात्यात एकतीस वर्षे कारकुनी करताना स्थळपाहणी झाल्यावाचून एकाही प्रकरणावर ‘मंजुरीस हरकत नाही’ असा शेरा मी मारला नाही, आणि वरिष्ठांनी कितीही घाई केली तरी पंचनामा जागेवर उभे राहूनच लिहावा, कचेरीतल्या खुर्चीत बसून लिहू नये, हा माझा हट्ट इतका सर्वश्रुत होता की सहकारी त्याची उघड थट्टा करीत. असा मी, सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्याच स्वयंपाकघरात मसाल्याच्या बरण्यांसाठी लाकडी मांडणी करावयास बसलो, तेव्हा ती जिच्यावर टांगावयाची त्या भिंतीवर साधे बोट वाजवून पाहण्याचेही मला सुचले नाही.

आमचे घर त्र्यंबकेश्वरात, कुशावर्तापासून हाकेच्या अंतरावरील एका गल्लीत. जुन्या वाड्याच्या वाटणीत मागचा निम्मा हिस्सा आमच्याकडे आला, त्यातच स्वयंपाकघर आले आणि त्याची पश्चिमेकडील पावसाचा मारा खाणारी भिंतही आली. ब्रह्मगिरीला अडलेले ढग आषाढ-श्रावणात आमच्या माथ्यावर जो मुक्काम ठोकतात त्याची कल्पना नाशिक शहरातल्या, अवघ्या तीस किलोमीटरांवरील, आप्तांनाही येत नाही. इकडे मिठाला पाणी सुटते, काडेपेटीची काडी ओढता ओढता तिचे गुलच निघून येते, आणि पिशवीतले तिखट उघडावे तो त्याचे ढेकूळ झालेले असते. मिसळणाच्या डब्यात वाट्या सात; परंतु नाशकाकडच्या काळ्या मसाल्याचा संसार सातांत कसा मावावा? दगडफूल, बाद्यान, नागकेशर, तमालपत्र, खसखस, तीळ, धणे ही सारी मंडळी ओट्यावर पुड्यांतून पडलेली असत. म्हणून घट्ट झाकणाच्या काचेच्या चोवीस बरण्या आणल्या, आणि त्यांच्यासाठी मांडणी मी स्वतःच्या हातांनी करीन, असे आमच्या सौभाग्यवतींसमक्ष जाहीर केले.

लाकडाचा प्रश्न मी मोठ्या चोखपणे सोडविला, असे मला वाटले. शेताच्या बांधावर सागाचे एक झाड होते. पण १९६४ च्या वृक्षतोडविषयक अधिनियमान्वये स्वतःच्या जमिनीतला सागही परवानगीवाचून तोडता येत नाही हे ज्याने आयुष्यभर इतरांना समजावून सांगितले, त्याने त्यावर कुऱ्हाड कशी चालवावी! तेव्हा माळ्यावर पडलेले वाड्याचे जुने दार काढले. साठ-सत्तर वर्षे मुरलेला साग, आता फारसा ना आखडायचा ना फुगायचा. त्याच्यावर मात्र हिरव्या तैलरंगाचे तीन-चार थर चढलेले होते, आणि ते मी अंगणात बसून कोरड्या काचकागदाने घासू लागलो. हिरवी धूळ माझ्या मिशांवर, धोतरावर आणि शेजारीच मातीत खेळणाऱ्या नातवाच्या हातांवर बसत होती. जुन्या तैलरंगांत शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगातील शिसे दहा लक्षांत ९० भागांच्या मर्यादेत आणणारा नियम अमलात आला तो २०१७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे माझे दार रंगविले गेल्यानंतर दोन पिढ्यांनी. शिशाची बाधा लहान मुलांच्या मेंदूस सर्वाधिक होते. हे मला धाकट्या मुलाने फोनवरून सांगितले, त्या वेळी निम्मे दार घासून झाले होते. ज्यांना जुन्या दाराखिडक्यांचे लाकूड वापरावयाचे आहे त्यांनी रंग आधी पाण्याने भिजवावा, ओला असतानाच पत्रीने खरवडावा, खरवडलेला लगदा कागदात गुंडाळून दूर टाकावा, नाकातोंडाला चांगली मुखपट्टी बांधावी आणि मुलांना त्या दिवशी मामाच्या गावी धाडावे. बिनरंगी लाकडाची धूळही निरुपद्रवी नव्हे: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली आहे, आणि सागाच्या भुशाने कित्येकांच्या अंगास खाज सुटते ती निराळीच.

जुन्या लाकडाचा दुसरा धोका त्याच्या पोटात दडलेला असतो. करवत दोन बोटे आत गेली असेल-नसेल, तोच कर्रकन आवाज होऊन ती उसळली आणि फळीवरून घसरून माझ्या गुडघ्याजवळून गेली. पाहतो तो आत डोके मोडलेला खिळा, वरून पुटी भरून बुजविलेला. तेव्हापासून मी लोहचुंबकाचा तुकडा प्रत्येक फळीवरून आधी फिरवतो.

यापुढचा प्रमाद केवळ माझा. फळ्या बाजूंच्या उभ्या पट्ट्यांत बसविण्यासाठी खाचा पाडावयाच्या होत्या. फळी शिकंज्यात आवळावी एवढी दोन मिनिटांची सबुरी मजपाशी नव्हती. ती मी मांडीवर घेतली, डाव्या हाताने धरली, आणि उजव्या हाताने पटाशी डाव्या हाताच्या दिशेने दाबली. पटाशी बोथट होती, म्हणून जोर अधिक लावावा लागत होता. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा घातकी, हे सुताराचे पोरही जाणते, कारण धारेचे काम मनुष्य बळाने करू पाहतो आणि बळाला थांबावयाची जागा ठाऊक नसते. पटाशी सुटली ती तर्जनी आणि अंगठा यांच्या मधल्या मांसल भागात शिरली. प्रथम वेदना झाली नाही. सागाच्या पिवळट तपकिरी भुशावर एक काळसर ठिपका पडला, मग दुसरा, आणि मग ठिपके मोजण्यासारखे राहिले नाहीत. चार टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि तीन आठवडे सक्तीची रजा एवढी शिक्षा झाली. काम शिकंज्यात, दोन्ही हात पटाशीच्या मागे, आणि पटाशीच्या वाटेत स्वतःच्या देहाचा कोणताही भाग नाही: हे कलम मी त्या रजेत अनेकदा घोकले.

हात बरा झाल्यावर सांधे जुळविले, आणि ते इतके नेटके जुळले की मला थोडा गर्व झाला. शेवटचा हात बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, दिला. हात पुसलेली चिंधी चुरगळून सायंकाळी ओसरीच्या कोपऱ्यात टाकली होती. तासाभराने उचलावयास गेलो तर ती आतून कोमट लागली, आणि उलगडली तेव्हा मधोमध जळकट वास आला. जवसाचे तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, चुरगळलेल्या बोळ्यात साठत राहते आणि कुणी काडी न लावता बोळा पेट घेतो. अशी चिंधी दगडी फरशीवर किंवा दोरीवर एकेरी पसरून वाळवावी, अथवा पाण्यात बुडवून ठेवावी. माझ्या कोपऱ्यात शेजारीच रद्दी होती.

एवढ्या अग्निदिव्यांतून पार पडलेली ती मांडणी मी कोठे टांगली? शेगडीच्या बरोबर वर, पश्चिमेच्या भिंतीला. तेथे ती हाताशी राहील, असा माझा युक्तिवाद. सौ. म्हणाल्या, “अहो, त्या भिंतीला ओल येते. दर पावसाळ्यात पोपडे मी झाडते, तुम्ही नाही.” मी या हरकतीची नोंद घेतली आणि ती फेटाळली.

श्रावणातला तिसरा सोमवार म्हणजे आमच्या गावी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची पर्वणी. रविवारच्या रात्रीपासून हजारो पावले चिखल तुडवीत डोंगराभोवती फिरत असतात, आणि प्रत्येक घरी पहाटे कुणी ना कुणी भिजलेला आप्त चहासाठी येतो. सूनबाईंनी शेगडीवर आधण ठेवले होते आणि त्या कप घेऊन ओसरीवर गेल्या, तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. मांडणी तळाला भिंतीशी टेकून वरून पुढे कलंडली होती, बरण्या सुटून ओट्यावर फुटल्या होत्या, आणि तिखटाची बरणी पेटत्या शेगडीवर पडल्यामुळे जळक्या मिरचीचा जो धूर उठला त्याने ओसरीवरचे पाहुणे, पुढच्या निम्म्या हिश्शातले चुलत कुटुंब आणि गल्लीतले दोन वारकरी असे सगळे एकदम खोकू लागले. सूनबाई तेथे उभ्या असत्या तर, हा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

दोन दिवसांनी ओळखीच्या मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी सांध्यांकडे पाहिलेही नाही. भिंतीतल्या भोकात खिळ्याचे टोक घालून ते म्हणाले, “अण्णा, स्क्रू किती इंची मारला होता?” दीड इंची, मी सांगितले. “त्यातला पाऊण इंच तर तुमच्या पट्टीतच गेला. राहिला पाऊण. गिलावा इथे इंचभर जाड. स्क्रू विटेला शिवलाच नाही, गिलाव्यातच लोंबत होता.” मग त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवीत नेली. जेथे गिलावा धरून होता तेथे टणक आवाज, आणि माझ्या भोकांच्या आसपास रिकाम्या डब्यासारखा. एकतीस वर्षांत मी पाहिलेली ही सर्वांत थोडक्यात उरकलेली आणि सर्वांत निर्विवाद स्थळपाहणी.

दुसरा दोष त्यांनी असा दाखविला की भिंतीत घट्ट करण्याची आडवी पट्टी मी मांडणीच्या तळाशी दिली होती, कारण वर दिली असती तर ती दिसली असती आणि शोभा गेली असती. हिशेब मी मागाहून कागदावर मांडला. बरणी आणि मसाला मिळून अर्धा किलो, चोवीसांचे बारा, लाकडाचे चार, एकूण सोळा किलो. फळी सहा इंच रुंद, म्हणजे भार भिंतीपासून सरासरी तीन इंचांवर. मांडणी तळाच्या काठावर पुढे कलंडू पाहते. स्क्रू तळापासून बावीस इंचांवर असतील तर त्यांना भिंतीबाहेर ओढणारे बळ सव्वादोन किलोंहूनही थोडे कमी. माझ्यासारखे चार इंचांवर असतील तर तेच बळ बारा किलो. यात बरणी काढताना हाताने बसणारा हिसका धरलेला नाही. म्हणून आधाराची पट्टी वरच्या फळीखाली द्यावी, गिलावा ओलांडून विटेत निदान दीड-दोन इंच शिरेल असा लांब स्क्रू प्लगसह घ्यावा, आणि भोक पाडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून विजेच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली वा आडव्या रेषेत आपण नाही ना, हे पाहावे. फळीच्या तोंडाशी दीड इंचाचा कठडा असावा. तो मी दिला नव्हता.

आणि शेगडीवर काहीही टांगू नये. उष्णता, वाफ आणि फोडणीचा तेलकट धूर मसाल्याचा सुगंध मारतात, हे कारण दुय्यम. मुख्य कारण असे की वरची बरणी घेण्यासाठी बाईमाणसाला ज्योतीवरून हात आणि पदर न्यावा लागतो, आणि आजकालच्या साड्या सुती नसतात, त्या पेटतात तशा वितळून अंगाला चिकटतात.

मग मांडणी कोठे ठेवावी? हा प्रश्न मी मिस्त्रींना विचारीत होतो तेव्हा सौ. आतल्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “सासूबाई मसाले कुठे ठेवत होत्या, ते आठवा जरा.” स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधल्या त्या दोन हात जाड, दोन्हीकडून निवाऱ्यातल्या, पावसाचा थेंबही न पाहिलेल्या भिंतीत एक फडताळ आहे. दोन झडपांचे, आत कोरडे, अंधारे, गार, शेगडीपासून सहा पावलांवर. माझी आई तेथे मसाले ठेवीत असे, तिच्या आधी आजी ठेवीत असे. मी तेथे निवृत्तीच्या वेळी मिळालेला सत्काराचा नारळ, जुन्या परिपत्रकांच्या नकला आणि अकरा वर्षांची वर्तमानपत्रे ठेवली होती.

त्याच सागाच्या फळ्यांची, आता स्वतःच्या पायांवर उभी राहणारी, तीन पायऱ्यांची बुटकी मांडणी मी फडताळात बसविली आहे. तिला भिंतीत एकही स्क्रू नाही. मागे दोन सूत जागा सोडली आहे, कारण लाकूड पावसाळ्यात लांबीत वाढत नाही तरी रुंदीत फुगते, आणि हवाही खेळती राहते. काचेच्या जड बरण्या खालच्या पायरीवर, हलक्या वर. नातू झडपा उघडून बरण्यांची नावे वाचावयास शिकतो आहे. बाद्यानाला तो अद्याप ‘बादशहा’ म्हणतो.

माझे दप्तर माळ्यावर हलविले. कौलांतून तेथे कोणत्या कोपऱ्यात गळते हे पाहण्यासाठी या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसात मी कंदील घेऊन अर्धा तास वर बसून होतो, आणि खालून सौ. दर पाच मिनिटांनी विचारीत होत्या, पंचनामा झाला का म्हणून.