अपडेटनंतर बंद पडलेला प्रोग्रॅम : निदान आणि उपाय



भाताचे पान पिवळे पडले की पुष्कळजण प्रथम युरियाची गोणी फोडतात. कारण कधी नत्राची कमतरता असते, तर कधी उधाणाचे खारे पाणी बांध फुटून खाचरात शिरलेले असते. दुसऱ्या प्रकारात युरिया वाया जातो. फोनचे किंवा संगणकाचे अपडेट झाल्यावर एखादा प्रोग्रॅम बंद पडला, तरी आपण असेच करतो. कारण न शोधता ॲप काढून टाकतो आणि काम अधिकच अडते.

मीरा-भाईंदर परिसरातील राई, मुर्धे, मोर्वे भागात ज्यांच्याकडे अजून भातखाचरे आहेत, त्यांना हा प्रश्न ई-पीक पाहणीच्या वेळी जाणवतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची पद्धत सुरू झाली. ही नोंद सातबाऱ्यावर येते. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई यांसाठी ती लागते आणि तिला मुदत असते. अशा वेळी ॲपने दगा दिला तर खाचरात भात उभा असूनही कागदावर जमीन पडीक राहण्याची वेळ येते.

प्रथम लक्षण नीट पाहावे. ॲप उघडतच नाही, उघडते पण फोटो घेत नाही, की जागा चुकीची दाखवते? पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्यावा. 'ॲप बिघडले' एवढ्यावरून कोणालाही निदान करता येत नाही.

जागा चुकत असेल तर कारण बहुधा परवानगीत सापडते. अँड्रॉइड १२ (सन २०२१) पासून लोकेशन मागताना 'अचूक' आणि 'अंदाजे' असे दोन पर्याय दिसतात. घाईत 'अंदाजे' दाबले गेले की फोन आपली जागा सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात कुठेतरी धरतो. म्हणजे साधारण एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ झाले. आपल्याकडील काही गुंठ्यांच्या खाचरांना हे माप काय कामाचे? ॲप मात्र गटापासून आपले अंतर मोजते. उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात हे ॲप, मग परवानग्या, लोकेशन असे जाऊन 'अचूक स्थान वापरा' हे बटण चालू करावे. फोनच्या कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. त्यानंतर इमारतीच्या आडोशाला न थांबता उघड्यावर येऊन दोन मिनिटे थांबावे.

दुसरे कारण आपल्या पीकपद्धतीतच आहे. अँड्रॉइड ११ पासून काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपोआप काढून घेतो. वर्षातून एकच भाताचे पीक घेणाऱ्याचे हे ॲप आठ-दहा महिने पडूनच असते. पुढच्या खरिपात ते उघडले की ना कॅमेरा चालतो, ना लोकेशन. शेतकरी म्हणतो, "गेल्या वर्षी तर चालत होते!" त्याचे म्हणणे खरे आहे, परवानग्या पुन्हा द्याव्या लागतात, इतकेच.

यानंतर प्ले स्टोअरमध्ये ॲपची नवी आवृत्ती आहे का ते पाहावे. हंगामागणिक आवृत्ती बदलते आणि जुनी चालेनाशी होते. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेली ॲपची फाईल मात्र चुकूनही बसवू नये. अशा फायलींतून बँक खाते रिकामे करणारे प्रोग्रॅम फोनमध्ये शिरतात. शिवाय अँड्रॉइड १४ (सन २०२३) पासून फार जुन्या पद्धतीने बनवलेली ॲप्स फोन बसवूनच घेत नाही.

एवढ्यानेही भागले नाही तर 'कॅशे' पुसावी. 'स्टोरेज' किंवा 'डेटा' पुसणे आणि ॲप काढून पुन्हा टाकणे हा शेवटचा उपाय समजावा. तत्पूर्वी आधी घेतलेल्या नोंदी अपलोड झाल्या आहेत याची खात्री करावी, अन्यथा फोनमध्ये साठलेली नोंद फोटोसह जाते. मुदत सरत आली असेल तर दुरुस्तीत दिवस घालवू नयेत. एका फोनवरून एकाहून अधिक खातेदारांची नोंद करता येते, तेव्हा शेजाऱ्याच्या फोनवरून काम उरकावे.

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या बागाईतदारांसाठी थोडेसे. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेकजण विंडोज ११ कडे वळले. डॉसच्या काळातील १६ बिटचे प्रोग्रॅम त्यावर थेट चालत नाहीत. तेथे खटपट करण्यात अर्थ नाही. त्यानंतरचा प्रोग्रॅम असेल तर त्याच्या चिन्हावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज, मग कंपॅटिबिलिटी येथे जुनी विंडोज निवडून पाहावी. नवी आवृत्ती घेतल्यापासून साधारणतः १० दिवसांच्या आत मागे फिरण्याची सोयही असते. जुनी मराठी फाईल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर ती खराब झाली असे समजून पुसू नये. बहुधा तिचा जुना फॉन्ट नव्या संगणकावर नसतो. तो बसवला की मजकूर परत दिसतो.

भात निसवण्यापूर्वीच एकदा खाचरात उभे राहून ॲप उघडून पाहावे आणि फोटो निघतो का, अंतर बरोबर येते का हे तपासावे. पुढे नोंदणी पूर्ण होऊन ती सातबाऱ्यावर दिसेपर्यंत फोनचे मोठे अपडेट लांबणीवर टाकावे.